ओली दालनं

गोदामाची दहा दालनं ओली केल्याच्या सहाव्या दिवशी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, शर्वाणी हिंगमिरेला आपल्या तक्त्यातली चूक सापडली. दिसायला चूक मोठी नव्हती. एका रकान्यात वेगळा आकडा हवा होता, तिथं शेजारच्या रकान्यातलाच आकडा पुन्हा बसला होता. तो तिनंच बसवला होता, प्रोग्राम अडू नये म्हणून, तात्पुरता. बाजूला स्वतःसाठी टीपही लिहिली होती : ‘कोरड्या दालनाचं मोजमाप बाकी. नंतर बदलणे.’ टीप चार महिन्यांपूर्वीची होती.

तिनं तक्ता मिटला, परत उघडला. आकडा तोच होता. मग ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली बोरखडकचा तलाव होता, म्हणजे तलावाच्या मधोमध उरलेलं पाणी. त्याच्या भोवती वाळलेल्या चिखलाची कडी होती, आणि सगळ्यांत आतलं कडं अजून काळं, ओलं होतं. ते या सहा दिवसांतलं.

हे गोदाम कशाचं, ते आधी सांगायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी, ज्यांच्या संगणकांवर जगाचे फोटो साठवलेले असत त्या मोठ्या कंपन्यांनी एक नियम काढला. पाच वर्षांत न उघडलेला फोटो पुसला जाईल. कारण साधं होतं. साठवलेला फोटो आपल्याला दिसत नसला तरी कुठल्यातरी इमारतीत त्याच्यासाठी एक तबकडी रात्रंदिवस फिरत असते. ती तापते. तिला थंड ठेवायला वीज लागते, आणि ती उष्णता बाहेर टाकायला पाणी लागतं, जे वाफ होऊन उडून जातं. बहुतेकांनी नियम मान्य केला. जेवणाच्या ताटांचे आणि मांजरांचे फोटो गेले तर गेले.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. एका लग्नात चार हजार फोटो निघतात. फोटोग्राफर ते सगळे त्या घरी देतो आणि सांगतो की अल्बमसाठी यातले दीडशे निवडून कळवा. ती निवड कधीच येत नाही. सासूबाईंना हवा असतो तो नणंदेला नको असतो, मुलीकडच्यांना वाटतं त्यांच्या बाजूचे फोटो कमी आहेत, मग नवरा परगावी जातो, पहिलं मूल होतं, ते शाळेत जायला लागतं, तरी निवड चाललेलीच असते. फोटोग्राफर काही पुसू शकत नाही. ज्या दिवशी पुसेल त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तेव्हा चार जिल्ह्यांतले तीन हजार लग्न-फोटोग्राफर एकत्र आले आणि दूधसंघ काढावा तशी त्यांनी एक सहकारी संस्था काढली. बोरखडकबाहेरच्या माळावर तीन मजली, बिनखिडक्यांची इमारत उभी राहिली. फक्त कचेरीच्या बाजूला खिडक्या होत्या. अठरा लाख लग्नं तिथं ठेवली गेली. संस्थेचं नाव लांबलचक होतं, पण गाव तिला गोदामच म्हणायचं. संस्थेचे अध्यक्ष मल्लिनाथ हिंगमिरे, ‘हिंगमिरे फोटो’चे मालक, म्हणजे शर्वाणीचे अप्पा.

गोदामात फिरती तबकडी एकही नव्हती. टसर रेशमाच्या कोशातलं प्रथिन विरघळवून त्याच्या भाकरीएवढ्या पातळ चकत्या केलेल्या होत्या. या प्रथिनाच्या रेणूला घड्या पडतात, आणि लेसरनं त्या घड्या हव्या तशा पाडता येतात. कुठं घडी आहे आणि कुठं नाही, यावरून फोटो लिहिला जातो. चकती कोरडी असेल तर शंभर वर्षं तशीच राहते. वीज नको, पाणी नको, निदान कागदावर तरी. अडचण वाचताना यायची. वाचायचं तर चकती ओली करावी लागे, तरच घड्या उलगडत. आणि ओलं प्रथिन दुधासारखं असतं. सहा अंशांच्या खाली ठेवलं तर टिकणार, नाहीतर दोन दिवसांत नासणार. वाचून झाल्यावर परत वाळवायचं तेही थंडीतच, सावकाश; ओलं केल्यापासून पुरतं वाळेपर्यंत चाळीस दिवस. घाई केली की घड्या तडकतात. शिवाय एकेक चकती वेगळी ओली करता येत नसे. धुकं अख्ख्या दालनात सोडावं लागे. म्हणून बारा दालनांपैकी एका वेळी एकच उघडायचं, दोन महिन्यांना एक, असा क्रम होता. ज्याला आपले फोटो बघायचे असतील त्यानं अर्ज करून आपल्या दालनाची वाट बघायची.

संस्थेच्या नियमांत सातवा नियम अप्पांनी आग्रहानं घातला होता. ‘संबंधित कुटुंबाने बघितल्याशिवाय कोणतेही छायाचित्र पुसले जाणार नाही.’

या नियमामागं एक लग्न होतं. बत्तीस वर्षांपूर्वी लक्ष्मी केंगारच्या लग्नाच्या फोटोंचं मेमरी कार्ड अप्पांनी, फोटो संगणकावर घेतलेत असं समजून, न बघता कोरं केलं होतं. लग्नानंतर आठव्या दिवशी लक्ष्मीचे वडील शेतातून येताना पडले ते उठलेच नाहीत. माणसाचा शेवटचा फोटो काढलेला होता आणि तो नव्हता. अप्पा केंगारांच्या दारात जाऊन उभे राहिले होते. कोणी शिवी दिली नाही, कोणी बसाही म्हटलं नाही. तेव्हापासून अप्पा घरातला रद्दी कागदसुद्धा उलटून बघितल्याशिवाय टाकत नसत.

त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. शर्वाणी नऊ वर्षांची असल्यापासून सुट्टीत त्यांच्याबरोबर लग्नांना जायची. अप्पा जुन्या वळणाचे. उजेड मोजायला हातात धरायचं मीटर वापरायचे. ते शर्वाणी नवरीच्या गालाजवळ धरायची. अप्पा लांबून विचारायचे, “किती?” ती आकडा सांगायची. ते मान हलवायचे आणि त्या आकड्यावर कॅमेरा लावायचे. त्यांनी तो कधीही परत तपासला नाही.

पुढं ती उष्णताशास्त्र शिकली आणि गोदामातच मोजमापाच्या कामाला लागली. एका फोटोमागं किती उष्णता, तिच्यामागं किती पाणी, हे सांगणारं मीटर तिला बनवायचं होतं. गावाचं आणि गोदामाचं पाणी एकाच पंपानं यायचं आणि पंपाचं मीटर कधीच बंद पडलं होतं, त्यामुळं गोदाम नक्की किती पितं हे कोणालाच माहीत नव्हतं. तिनं चौथ्या दालनात संवेदक बसवले. ते दालन तेव्हा ओलं होतं. कोरड्या दालनाचं दार वेळेआधी उघडता येत नव्हतं, म्हणून तिथलं मोजमाप राहिलं, आणि ओल्याचाच आकडा कोरड्याच्या रकान्यात जाऊन बसला. तात्पुरता.

त्याच सुमारास फरजाना मणेर गावात परतली. दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. फरजाना कला महाविद्यालयात शिकली होती आणि खोल्याच्या खोल्या भरून काहीतरी मांडायची. लोक त्याला प्रदर्शन म्हणायचे आणि ती मांडणी म्हणायची. तिसरं वर्ष होतं पाऊस नसल्याचं. माणशी दहा लिटर पाणी मिळत होतं. चारी बाजूंचे तलाव आटल्यामुळं टँकर कुठं भरायचा हाच प्रश्न होता. फरजानाला शर्वाणीच्या मीटरबद्दल कळलं आणि तिनं तक्ता मागितला. शर्वाणीनं तो आनंदानं दिला. आपण मोजलेलं कोणाच्या तरी डोळ्यांना दिसणार, याचा तिला फार हुरूप आला होता.

बंद पडलेल्या वसंत टॉकीजमध्ये फरजानानं सहाशे बारा मडकी टांगली. प्रत्येकावर खडूनं गावातल्या एका घराचं नाव. प्रत्येकाला खाली बारीक छिद्र, छिद्राखाली गोदामातून आणलेल्या गरम हवेवर तापलेला लोखंडी पत्रा. त्या घराचे फोटो जेवढं पाणी पितात तेवढंच पाणी मडक्यातून पडायचं, ना कमी ना जास्त. चाळीस सेकंदांना एक थेंब. थेंब पत्र्यावर पडला की चर्र व्हायचं आणि तो नाहीसा व्हायचा. सहाशे बारा मडकी, म्हणजे सेकंदाला पंधरा थेंब. आत गेलं की आधी काही दिसायचं नाही, नुसता तळणीसारखा आवाज यायचा. मधोमध एक मोठा रांजण होता. त्यावर ‘हिंगमिरे फोटो’ लिहिलं होतं. एकतीस लाख फोटो. त्यातून थेंब पडत नव्हते, बारीक धार लागली होती.

मांडणीचं नाव होतं ‘घोट’.

गाव लोटलं. माणसं आपलं मडकं शोधायची, त्याखाली उभी राहायची, मनात सेकंद मोजायची. एक म्हातारी पत्र्याच्या वर ओंजळ धरून उभी राहिली आणि थेंब झेलत राहिली. तिला कोणी हटकलं नाही. दाराशी फरजानानं एकच आकडा लिहिला होता. गोदाम रोज दोन लाख लिटर पाणी पितं. गाव एक लाख ऐंशी हजार पीत होतं.

तिसऱ्या दिवशी अप्पा आले. रांजणासमोर ते बराच वेळ उभे होते. धारेखाली त्यांनी हात धरला नाही, नुसतं बघितलं. बाहेर आल्यावर त्यांनी शर्वाणीला एवढंच विचारलं, आकडा बरोबर आहे ना. ती हो म्हणाली. आठ दिवसांत चार जिल्ह्यांतून निरोप येऊ लागले की आमचे नको असलेले फोटो काढून टाका, पाणी वाचवा. सातव्या नियमानं बघितल्याशिवाय पुसता येत नव्हतं. दोन महिन्यांना एक दालन या हिशेबानं दोन वर्षं लागली असती. अप्पांनी सभा घेतली आणि सही केली. जेवढी उघडतील तेवढी दालनं एकदम उघडा, लोकांना निवड करू द्या, आणि एकदाची ही तहान संपवा. दोन दालनांतली धुक्याची यंत्रं नादुरुस्त होती. बाकीची दहा ओली झाली.

आणि आता खिडकीशी उभ्या शर्वाणीला कळत होतं की तहान नव्हतीच. ओलं दालन एकच असतं तेव्हा गोदाम रोज सतरा हजार लिटर पीत होतं. झोपलेली अकरा दालनं काहीच पीत नव्हती. एवढ्या पाण्यावर गाव आणि गोदाम दोन्ही मृगापर्यंत कसेबसे पोचले असते. तिच्या आकड्यानं लोक घाबरले, घाबरून त्यांनी दालनं ओली केली, आणि दालनं ओली केल्यामुळं आकडा जवळजवळ खरा झाला. एक लाख सत्तर हजार, रोज.

तिनं कोणालाही सांगितलं नाही. आधी सुटका शोधू, मग सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं. दहा चकत्या तिनं घाईनं वाळवून बघितल्या, तीन वेगवेगळ्या तापमानांना. दहाही तडकल्या. पाणी न लागणारी शीतयंत्रं कुठं मिळतील ते विचारलं. चार महिने, असं उत्तर आलं. चकत्या दुसऱ्या ठिकाणी हलवता येतील का, याचा हिशेब मांडला. तेवढी शीतवाहनं अख्ख्या राज्यात नव्हती. यात दोन दिवस गेले. दोन दिवस गप्प राहणं म्हणजे तीन लाख चाळीस हजार लिटर. हा आकडा तिनं तीनदा तपासला.

आठव्या दिवशी दुपारी ती टॉकीजमध्ये गेली. जेवणाच्या वेळेमुळं आत फक्त फरजाना होती, स्टुलावर चढून एका मडक्याचं छिद्र सुईनं साफ करत होती. शर्वाणीनं खालूनच सगळं सांगितलं. फरजाना उतरली नाही. सुई हातात धरून तशीच उभी राहिली.

“किती पट?”

“बारा.”

“म्हणजे थेंब कधी पडायला पाहिजे होता?”

“आठ मिनिटांनी एक.”

फरजानानं वर मडक्याकडं बघितलं. दोघींमध्ये दोन थेंब पडून गेले.

“आठ मिनिटांनी पडणाऱ्या थेंबासमोर कोण उभं राहिलं असतं गं,” ती म्हणाली. मग स्टुलावरून उतरली आणि स्टुलावरच बसली. “मीही नसते राहिले. पण मला खरं सांगितलं असतंस तर मी घरी गेले असते, शरू. एवढंच. अम्मीच्या हातची खिचडी खाल्ली असती आणि दुसरं काहीतरी मांडलं असतं.”

शर्वाणी म्हणाली की ती उद्या अप्पांना सांगणार आहे. फरजाना एकेका मडक्याखाली मेणाची गोळी दाबत गेली. तळणीचा आवाज हळूहळू विरळ होत गेला आणि शेवटी रांजणाची धार तेवढी ऐकू येत राहिली. तिच्याजवळचं मेण संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा कचेरीत पडद्यासमोर बसले होते. गेले आठ दिवस ते तिथंच असायचे. सगळीकडून निवडीच्या बातम्या येत होत्या आणि त्या ते हसून सांगत. लोकांनी पुसायला घेतलं होतं खरं, पण पुसत कोणीच नव्हतं. बघत बसले होते. सांगोल्याच्या एका घरानं चार हजारांतले चार काढले आणि दुसऱ्या दिवशी फोन करून त्यातले दोन परत मागितले. एकानं डोळे मिटलेल्या चुलत्याचा फोटो ठेवा म्हणून सांगितलं, कारण चुलता असाच होता. शंभरातले तीनसुद्धा जात नव्हते.

“ये, हे बघ,” अप्पा म्हणाले.

कुठल्याशा लग्नातली हळद होती. कडेला, अर्धवट कापलेली, एक मुलगी होती. दात नसलेली, जीभ ओठांत धरून, हात लांब करून मीटर धरलेली.

“नऊ वर्षांत हा उघडला नव्हता,” अप्पा म्हणाले. “कापून टाकायचा राहिला होता बघ, अल्बमला नको म्हणून. बरं झालं.”

शर्वाणी उभ्यानंच बोलली. बसली असती तर तिला सांगता आलं नसतं. रकाना, टीप, चौथं दालन, बारा पट, आणि मधले दोन दिवस. काही गाळलं नाही. अप्पा पडद्याकडंच बघत होते. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी हात पुढं करून पडदा बंद केला, आणि मग त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिले.

“मला विचारायचंस तरी,” ते म्हणाले, आणि लगेच मान हलवली. “नाही. मीच विचारलं होतं.”

तिनं पुढचा हिशेब कागदावर आणला होता. तलावात साठ लाख लिटर उरलंय. दालनं थंड ठेवली तर सतरा दिवसांत तलाव संपेल. चकत्या वाळायला त्याच्यापुढं दोन आठवडे लागतील. म्हणजे गाव आधी मरेल आणि मग फोटोही नासतील. शीतयंत्रं आज बंद केली तर दहा दालनं परवापर्यंत जातील. पंधरा लाख लग्नं. अप्पांनी कागद नीट वाचला. एकदा सरळ, एकदा खालून वर. मग खिशातून पेन काढलं आणि तिच्यासमोर प्रत्येक बेरीज स्वतः करायला घेतली. एकोणतीस वर्षांच्या मुलीनं समोर उभं राहायचं आणि बापानं तिची गणितं तपासायची. पाऊण तास. एकही चूक नव्हती. त्यानं दोघांचंही काही हलकं झालं नाही.

“न बघता?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“पंधरा लाख.”

“हो, अप्पा.”

ते उठले आणि घरी गेले. सही केली नाही. त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तलाव रोज साडेतीन लाख लिटरनं खाली जात होता, आणि गावात शेजारच्या शेजारी भांडणं लागली होती. अमक्यानं तीन दिवस लग्न बघितलं म्हणून आमच्या नळाला पाणी नाही. ज्यांचं लग्नच गोदामात नव्हतं ते सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. कोणीतरी टॉकीजमध्ये शिरून रांजण फोडला.

अकराव्या दिवशी नगराध्यक्षा हिंगमिऱ्यांच्या घरी आल्या. एकट्याच, पायी. लक्ष्मी केंगार आता बावन्न वर्षांच्या होत्या. निवडणुकीत त्यांच्या नावापुढं सासरचं आडनाव लागायचं, पण गाव त्यांना केंगारांची लक्ष्मी म्हणूनच ओळखायचं. बत्तीस वर्षांत त्या या दारात आल्या नव्हत्या. रस्त्यात भेटल्या तर मामा म्हणून हाक मारायच्या आणि पुढं जायच्या. शर्वाणीनं त्यांना पाणी पुढं केलं. त्यांनी तांब्या हातात घेतला, किती भरलाय ते बघितलं आणि न पिता खाली ठेवला.

शर्वाणीनं त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच अडवलं.

“कळलं. तुझं नंतर बघू. आधी पाणी.”

मग शर्वाणीनं शेवटचा कागद काढला. दोन रात्रींत तिला एवढंच सापडलं होतं. दहापैकी एक दालन वाचवता येईल. रोज सतरा हजार लिटर, अजून एकोणतीस दिवस. प्रत्येक माणसानं रोज एक लिटर सोडलं तर भागेल.

“दहातलं एक लिटर?” लक्ष्मीबाईंनी विचारलं.

“आता दहा नाही मिळणार. सात.”

“सातातलं एक.” त्यांनी खाली ठेवलेल्या तांब्याकडं बघितलं. “मागून बघते. बायका देतील कदाचित. कुठलं दालन?”

शर्वाणीनं अप्पांकडं बघितलं. त्यांचे एकतीस लाख फोटो चौथ्या दालनात होते. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, दोन दिवसांची दाढी वाढलेली.

“नको,” अप्पा म्हणाले. “मला विचारलंत तर मी चौथं सांगीन. दुसरं काही तोंडातून निघणारच नाही. म्हणून एकही नको.”

बाहेर रिकाम्या घागरींची रांग पुढं सरकल्याचा आवाज आला आणि थांबला.

“मामा,” लक्ष्मीबाई म्हणाल्या, “लोक म्हणतात, लक्ष्मीनं केव्हाच माफ केलं. मी तसं कधी बोललेले नाही. केलं नाही मी माफ. बाबांनी त्या दिवशी डोक्याला फेटा बांधला होता, तेवढं मला आठवतं. तोंड आठवत नाही. बत्तीस वर्षं मी त्या फेट्याखाली तोंड शोधतेय.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “आणि आज मी तुम्हाला सांगायला आलेय की तेच परत करा. पंधरा लाख घरांचं करा. मलाच यावं लागलं, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं.”

अप्पांनी पेन मागितलं. सही करताना त्यांनी कागद वाचला नाही.

दुपारी चार वाजता बाप-लेक गोदामात गेले. बाहेर त्रेचाळीस अंश होतं. शीतयंत्रांचे पाण्याचे नळ हातानं फिरवायच्या चाकांनी बंद व्हायचे, प्रत्येक दालनाबाहेर एक. पहिलं चाक शर्वाणीनं फिरवलं. पंप थोडा गुरगुरला आणि शांत झाला. अप्पा तिच्या मागून चालत होते, प्रत्येक दारावरचा क्रमांक मोठ्यानं वाचत. एक. दोन. तीन. चौथ्यापाशी ते म्हणाले की आत जायचंय.

आत सहा अंश थंडी होती आणि तोंडातून वाफ निघत होती. कप्प्यांमधून चकत्या टांगलेल्या होत्या, ओल्या, दुधाळ, हजारो. अप्पांनी एक हळूच काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि दिव्यासमोर धरली. यंत्राशिवाय त्यात काही दिसत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ती फिरवून दुसऱ्या बाजूनं बघितली. मग शेजारची काढली. मग तिसरी. शर्वाणीला वाटलं त्यांना थांबवावं, पण ती दारातच उभी राहिली. पंधरा-वीस चकत्या झाल्यावर त्यांचे हात गारठले. शेवटची चकती जागेवर बसेना. तिनं पुढं होऊन ती बसवली.

बाहेर येऊन चौथं चाक अप्पांनी फिरवलं. मग बाकीची सहा तिनं.

परत येईपर्यंत तासभर झाला होता. चौथ्या दालनाच्या दारात अप्पा भिंतीला टेकून खाली बसले होते. दार त्यांनी उघडं ठेवलं होतं आणि आतून उकडलेल्या कोशांसारखा वास यायला सुरुवात झाली होती. तो वास पुढं आठवडाभर गावावर राहिला. पाण्याच्या रांगेत बायका नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या. पण ते नंतरचं.

दाराच्या आतल्या बाजूला तापमापक होता. अप्पांना तिथून तो दिसत नव्हता.

“किती?” त्यांनी विचारलं.

शर्वाणीनं वाकून बघितलं.

“अकरा.”

अप्पांनी मान वर केली. क्षणभर वाटलं, ते नेहमीसारखी मान हलवतील.

“परत बघ,” ते म्हणाले.

तिनं डोळे पुसले, तापमापकाची काच पदरानं पुसली आणि परत बघितलं.

“अकरा.”